धुऱ्यावरच्या काट्या

— नाई ताई, तिकून वाट नाई. बंद हाये. धुऱ्यावर, या बांधावर, बोराटीच्या काट्या आडव्या दिसल्या ना तुमाले? त्या काई वाऱ्यानं उडून नाई आल्या, लावल्या म्हनून लागल्या. कोनी लावल्या? आता वावर माहं, धुरा माहा, मंग लावाले काय इचोड्याहून मानूस येईन? बसा. उभ्या काऊन? ते पोतं झटका अन् बसा — असं नाई, आगटीच्या या बाजूनं, नाईतर सगळा धूर डोळ्यात जाईन. कुठून आल्या म्हनल्या, नांदेड? नांदेडहून रविवारचं फिराले. कुंटाल्याचा धबधबा पाह्यला, फोटू काढले, आता इकडं. चांगलं केलं. हुरडा खा. हुरड्यासाठी लोकं खास येतेत माह्याकडं. सडकेवरच्या कोन्या बी ढाब्यावाल्याले विचारा, नागोरावची आगटी कुठं, तो तिथूनच हात करन. पाटी नाई, बोर्ड नाई. माह्या बापानं खनलेला खड्डा हाये हा. बाप गेल्यापासून कनसं मीच भाजतो, दुसऱ्याले हात नाई लावू देत. कनीस आरात, निखाऱ्यात, किती वेळ ठेवाचं हे घड्याळात नसते ताई, वासावर असते. कमी पडलं तं नुसतं दूध निघते, जास्त झालं तं लाही होते. घ्या. हातावरच घ्या. चटनी त्या डब्यात हाये, लसनाची.

तिकडं एवढं काय ठेवलं हाये? टिनाचं शेड हाये. नाल्याच्या पल्याड, त्या मोहाच्या झाडाखाली — हां, तेच, चमकते ते. त्यात देवानंद राह्यते. माहा लहाना भाऊ. अदिलाबादले शाळेत ड्रॉइंग मास्तर होता तीस वर्सं, मंग नोकरी सोडली अन् तीन हिवाळ्यामागं आला इथं, म्हने दादा, मी माह्या हिश्श्यात एक शेड टाकतो. टाक म्हनलं. वाटनी झालेली, त्याचं वावर पल्याड, माहं अल्याड, पन वाट माह्याच धुऱ्यावरून, मंग नाल्यावरच्या मोरीवरून. दुसरी वाट हाये, नाई असं नाई, मोठ्या पुलाकडून फिरून, पाच किलोमीटर, निरे धोंडे. तुमची गाडी नाई जाईन. बैलबंडी जाते. मंग त्यानं शेडात चित्रं लावली, पोरं येऊ लागली शिकाले, पोराईमांगं त्याईचे मायबाप, मायबापाईमांगं हे रविवारवाले — मावल्याहून, नागपूरहून, कुठून कुठून. आता पुढच्या आठवड्यात ती चित्रं हैदराबादले चालली म्हने, मोठ्या हॉलात लावाले. त्याच्याआधी एक दिवस सगळी बाहीर उन्हात मांडतो, ज्याले पाहाची त्यानं या, असं त्यानं समद्याईले फोनवर कळवलं. तो दिवस आज. अन् आज वाट बंद. आता काय करता, असते एखाद्याचं नशीब.

तुमच्याआधी? आल्या ना गाड्या. सकाळपासून तीन आल्या, तीनी परत पाठवल्या. खोटं नाई बोललो मी — वाट बंद हाये म्हनलं, ते खरंच हाये. एकानं विचारलं, काका, काट्या जरा बाजूला करता येतीन का? मी म्हनलं, ढोरं घुसतेत पिकात. कोनती ढोरं, म्हने. आता शहरातल्या मानसाले काय सांगू कोनती ढोरं.

खा ना, थांबल्या काऊन? थंडा झाला का मजा नाई त्यात.

हे पाहा ताई, माह्या पोटात दुखते असं नका समजू. लोकं तसंच म्हनतेत. माही बायको तर तोंडावर म्हनते. पन तुमीच सांगा, हे रविवारवाले हुरडा कोनाचा खातेत? माहा. वा वा कोनाची करतेत? त्याची. इथं बसतेत पोतं टाकून, तोंड माह्या आगटीकडं अन् डोळे नाल्यापल्याड. अर्धं कनीस हातात ठेवून विचारतेत, काका, ते चित्रवाले सर कोनत्या बाजूनं? मी काय मैलाचा दगड हाये का? मांगच्या हिवाळ्यात एक पोरगी आली होती, चांगली शिकलेली, मोठा कॅमेरा गळ्यात. माह्याकडं कॅमेरा केला. मी आपली दस्ती नीट बांधली डोक्याले, कनीस हातात घेतलं, म्हनलं काढू दे, म्हाताऱ्याचा बी एक फोटू राहीन कुठंतरी. तं म्हने, काका, जरा बाजूला सरकता का, मांगचा मोह येऊ द्या. सरकलो. आला मोह. चांगला आला असंन.

घरात बी तेच. रुख्मिणीचं सांगतो तुमाले — रुख्मिणी माही बायको. रोज सकाळी उठते, भाकरी थापते, पयली चुलीवरची फुगलेली भाकर कोनाच्या डब्यात? देवानंदच्या. त्याले भरीत, त्यावर कच्चा कांदा कापून, तेलाची धार टाकून. माह्यापुढं काय, तं वरन. मी म्हनलं काऊन व, मी काय आजारी हाये का? तं म्हने, त्याले कोन हाये करून घालाले. खरं हाये, लग्न नाई केलं त्यानं. पन मंग मी केलं म्हनून माही भाकर मांगं राहीन का? लहानपनी न्हावी म्हने, नागोच्या डोक्यात दोन भोवरे हायेत, दोन लग्नं होतीन याची. कुठली दोन घेऊन बसले, एकच झालं अन् ती बी सकाळपासून बोलून नाई राह्यली. काट्या लावतानी पाह्यलं तिनं. डबा उचलला, लुगडं वर खोचलं अन् नाल्याच्या पान्यातून गेली सरळ. या थंडीत, गुडघाभर पान्यातून. काट्याले हात नाई लावला. लावला असता तं भांडता तरी आलं असतं.

नात हाये एक, मैत्री. पोराची पोरगी, नऊ वर्साची. दोन वर्सामागंपर्यंत या आगटीपाशी बसायची माह्या मांडीले मांडी लावून, एवढुशा हातानं कनीस चोळायची, दाने कमी अन् कोंडा जास्त — पन मी तेच पयले खायचो. आता रविवार आला का खडूची पेटी काखेत अन् पल्याड. म्हनलं, काय शिकवते ग तुहा आजा तुले? तं म्हने, पाहाले शिकवते. आता पाहाले काय शिकवाचं असते ताई? डोळे कशाले दिले देवानं? मी विचारलं, मंग मी काय शिकवलं तुले? पोरगीनं काखेतली पेटी सावरली. मंग म्हने, तुमी हुरडा देता.

दुसरं कनीस घ्या. हे घ्या, हे गुळभेंडीचं हाये, गोड राहीन.

मी? नाई, मी कधी पाय नाई ठेवला तिकडं. तीन वर्सं झाली. मले काय करायचं हाये चित्रं पाहून? अन् काढते तरी काय तो — आमचंच सगळं. आमची माय काढली, डोक्यावर कापसाचं गाठोडं, पदर एका बाजूनं खाली आलेला, पिवळ्या रंगात काढली. माय कधी पिवळी होती? उन्हानं काळी पडलेली बाई. पोळा काढला, तोरनाखालून चाललेले बैल. केसलापूरची जत्रा काढली, त्यात तो गोडीशेववाला हाये, त्याची एक आखूड बाही बी काढली. कुंटाल्याचा धबधबा तर तीनदा काढला. आमचे बैल, मोऱ्या अन् चांद्या, आमचं कुत्रं —

काय म्हनल्या? न जाता कसं ठाऊक?

गेलतो. एकदा. मांगच्या बुधवारी. वासरू सुटलं होतं म्हनून गेलतो, नाईतर मी जातो कशाले? वासरू गेलं नाल्याकडं, त्याच्यामांगं मी. अन् शेडाचं दार होतं उघडं. दार उघडं असल्यावर मानूस पाह्यतेच. वासराचा रंग? ताई, तुमी पोलिसात हा का? — बरं. नोहतं वासरू. झालं? वासरू गोठ्यात बांधलेलं होतं. मी आपला गेलतो. मैत्री रोज सांगे, आबा, तुमी एकदा याच, आबा, लय चांगली हायेत. म्हनलं पाहून येऊ एकदाचं, काय एवढं केलं आमच्या मास्तरनं.

तो मांगच्या बाजूनं चहा ठेवत होता. मले पाह्यलं अन् म्हने, ये दादा, सावकाश पाह्य. अन् परत चहाकडं वळला. मी पाह्यली. एकतीस चित्रं हायेत, मोजली मी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मंग दुसऱ्या टोकापासून परत. आता तुमी विचारान, दोनदा काऊन? तं पयल्यांदा मले वाटलं माहं चुकलं, नजर कमी झाली हाये आता, राहून गेलं असंन एखादं. दुसऱ्यांदा एकेक मानूस पाह्यला. बाप हाये. माय चार ठिकानी हाये. शेजारची रेणुकाबाई हाये, सुपात काईतरी पाखडून राह्यली. बांगड्यावाली हाये. बैल तर हायेतच. अन् कुत्रं — ताई, त्या कुत्र्याची शेपटी बैलगाडीखाली आल्यानं वाकडी झाली होती, ती सुदीक बरोबर तशीच वाकडी काढली हाये. मी नाई. एकतीस चित्रात मी कुठंच नाई. कुत्रं हाये, मी नाई.

मी म्हनलं, वासरू पाहाले आलतो, अन् निघालो. तो मांगून म्हने, दादा, सापडलं का? मी म्हनलं, नाई सापडलं. अन् चहा न पिता आलो.

तुमाले काय सांगू. त्याले पाच वर्साचा असतानी ताप आला अन् उजव्या पायातून वारं गेलं. पाय तसाच राह्यला, काठीवानी. मी तवा तेरा वर्साचा. बाप म्हने, नागो, तू मोठा हायेस, आता तूच त्याची बंडी. झालो बंडी. नऊ वर्सं झालो. शाळा इथून दीड कोस — त्याची शाळा, फेरा माहा. माही शाळा सातवीतच सुटली, कारन त्याले पोचवून माह्या शाळेत जाले दुपार होये, मास्तर म्हने, येऊच नको मंग. तो वर्गात बसे अन् मी खिडकीखाली बाहीर, मातीत काड्यानं रेघोट्या ओढत, शाळा सुटंस्तोवर. पोळा पाहाले चला — नागोच्या खांद्यावर. केसलापूरच्या जत्रेले चला — नागोच्या खांद्यावर. धबधब्यावर चला. उतरायचाच नाई. दोनी मुठीत माहे केस धराचा, कासरा धरल्यावानी. इकडचे ओढले का इकडं वळ, तिकडचे ओढले का तिकडं. थांब म्हनाचं असलं का दोनी ओढाचा. डोळ्यात पानी येये. वरून खुश राहे तो, गाने म्हने.

अन् आता लोकं म्हनतेत, सर, काय आठवन हाये तुमची, काय बारीक नजर हाये. राहीनच ना बारीक नजर. त्यानं पाह्यलं, मी चाललो. कुंटाल्याले दगडावर शेवाळ राह्यते, पाठीवर पोरगं घेऊन उतरनं म्हनजे काय असते हे ज्यानं केलं त्यालेच माहीत. मी पायाखाली पाह्यत गेलो अन् पायाखाली पाह्यत आलो. धबधबा त्यानं पाह्यला, मी आयकला. जत्रेत मी लोकाईच्या पाठी पाह्यल्या. पोळ्यात मी धूळ पाह्यली. आमी दोघंबी एकाच जागी होतो ताई, एकाच वेळी, एकाच गर्दीत, पन त्याच्यापाशी एकतीस चित्रं हायेत अन् माह्यापाशी ही मान हाये, थंडी पडली का धरते. मंग हिसका लागन, हेवा वाटन का नाई मानसाले? मी म्हनतो लागते. मघाशी म्हनलं पोटात दुखत नाई. दुखते. लय दुखते. बुधवारपासून जेवन गोड लागून नाई राह्यलं. रात्री निजलो का ती कुत्र्याची वाकडी शेपटी डोळ्यापुढं येते. शनिवारी सांजेले कुऱ्हाड घेतली, बोरीच्या फांद्या तोडल्या, अन् आज उजाडायच्या आत धुऱ्यावर आडव्या टाकून आलो.

तो कसा येईन बाहीर? नाई येईन. कुबडी घेऊन नाल्यातून थोडीच येता येते. काढन ना मी सोमवारी. का नाई काढन, मी काय वैरी हाये का त्याचा? आजचा एक दिवस. एक रविवार त्याच्याकडं कोनी नाई आलं तं काय आभाळ कोसळते? माह्यासाठी इतकी वर्सं कोनी नाई आलं, मी नाई बसलो काय.

तिकडं नका पाहू सारखं. हो, खुर्ची हाये ती. तोच बसला हाये. चित्रं टिनाले टेकून मांडलेली हायेत रांगेनं, इथून पत्रावळीएवढी दिसतेत. पांढरा सदरा घातला हाये आज. इस्त्रीचा असंन. सकाळपासून तसाच बसला हाये वाटेकडं तोंड करून. बसू दे. मी बी बसलो खिडकीखाली.

अन् खरं विचारान तं एवढं वाखानन्यासारखं काई नाई त्या चित्रात. मी अडानी मानूस हाये, पन चूक मले बी दिसते. सांगू? प्रत्येक चित्रात खाली एक काळं झुडुप काढून ठेवलं हाये. प्रत्येक. बरोबर मधोमध, चित्राच्या खालच्या काठाले. धबधबा काढला — पानी काय झकास, उडते, अंगावर येते असं वाटते — अन् खाली ते काळं. आमच्या पोळ्यात मधोमध कुठून आलं झुडुप? जत्रेत गर्दीत कुठून? माय वावरातून येऊन राह्यली, तिच्यापुढं झुडुप. अन् ते बी धड नाई, खुरटं, जसं गवतात ढोरं बसून उठल्यावर गवत गोल लोळते तसं दोन ठिकानी लोळलेलं. दोनच ठिकानी. एकतीसच्या एकतीसात. चांगल्या चित्राची नासाडी. माह्या मनात आलं होतं त्याले सांगाचं, का बाबू, हे काय घान करून ठेवलं हाये तू खाली. मंग म्हनलं आपल्याले काय करायचं.

काय? फोनात हायेत? त्याच्या पोराईनं पाठवली काय. नका दाखवू, पाह्यली मी. — बरं दाखवा. कोनतं हे, धबधबा. हो. हेच. तुमी आजच पाह्यला ना धबधबा, मंग सांगा, असा दिसते का? काय म्हनल्या — असा नाई दिसत? उंचावरून दिसते असा? कठड्यावरून बी नाई, त्याच्याहून वरून? हे तं कोनी बी सांगन. अन् पोळा? पोळ्यात बी बैलाईच्या पाठी दिसतेत, शिंगं वरून दिसतेत, बरोबर हाये तुमचं. माय बी वरून. सगळंच वरून हाये. त्यात काय नवल ताई, त्याले जसं दिसलं तसं काढलं त्यानं. तो कुठं जमिनीवर होता? तो तर समदा वेळ माह्या —

थांबा.

ते खालचं मोठं करा. खालचं, काळं. ते दोन बोटानं करता ना तुमी, करा तसं. आनखी. आनखी करा.

हे गवत नाई हाये.

डावीकडचं जरा मोठं हाये, पाहा. उजवीकडचं लहान. न्हावी म्हने डावीकडचा मोठा हाये, पयली बायको भारी राहीन… पोळ्याचं दाखवा. हां. जत्रेचं. मायचं दाखवा. मायचं बी मोठं करा. इथं तर बोटं बी हायेत. एवढुशी बोटं, केसात. मले वाटलं होतं वेल हाये म्हनून.

ताई, एक काम करता का. ही दस्ती सोडतो मी. आता पांढरे झाले, अन् राह्यले बी थोडेच. मांगून पाहा बरं जरा. मले कसं दिसन, कोनाले सोताची टाळू मांगून दिसते? सहासष्ट वर्साचा झालो, लोकं म्हनले म्हनून म्हनत आलो दोन हायेत, मी काई पाह्यले नाई कधी. पाहा. धूर लागते तं डोळे मिटून नका पाहू, नीट पाहा.

हायेत?

दोन?

डावीकडचा मोठा?

…बरं.

उठा ताई. हुरडा झाला आता. हायेत कनसं, दिसून राह्यली मले बी, पन झाला म्हनलं ना. पानी प्या त्या घागरीतलं अन् चला. तुमी काट्याले हात नका लावू, बोराटी हाये, तिचा एक काटा सरळ असते अन् एक आकड्यावानी, निघता निघत नाई. माह्या हातानं लागल्या, माह्याच हातानं निघतीन. वाट कोरडी हाये, चप्पल काढायचं काम नाई. त्या मांगच्या गाड्यावाल्याईचे नंबर घेतले असते तं… जाऊ द्या. सडकेवर थांबले असतीन ढाब्यावर, तुमच्या डायवरले म्हना, सांग त्याईले वाट उघडली म्हनून.

मी? मी नाई येत. आगटी कोन पाहीन? अन् डोळ्यात धूर गेला माह्या, दिसून नाई राह्यलं काई.

तुमी व्हा पुढं. अन् त्यानं विचारलं तं सांगा त्याले — दादाचं वासरू सापडलं म्हना. एवढंच सांगा. जा आता.